हँडओव्हरच्या दहा मिनिटांतलं इंग्रजी

पालघर

प्रिय बाळ,


तुझा मेसेज वाचला. चार ओळींत उत्तर देण्यासारखा हा विषय नाही, म्हणून पत्रच लिहायला बसले. प्लांटचं काम हातात बसलंय, सुपरवायझर खूश आहेत, पण नवे मॅनेजर किंवा ऑडिटला आलेली माणसं इंग्रजीत बोलू लागली की ‘अप’, ‘ऑफ’, ‘आऊट’ असले बारके शब्द सगळा अर्थ फिरवून टाकतात, असं तू लिहिलंस. म्हणून बोईसर स्टेशनबाहेर एक पुस्तक घेतलंस. त्यात अशी क्रियापदं ए पासून झेडपर्यंत मांडलेली आहेत आणि सफाळ्याहून येताना लोकलमध्ये रोज दहा पाठ करायची, असा तुझा बेत आहे.

हा बेत सोडून दे. पुस्तक कपाटात ठेव, अडलं तर उघडायला उपयोगी पडेल. पण ‘ब्रेक’ या एका क्रियापदाखाली सात-आठ अर्थ ओळीने वाचलेस, तर उमरोळी येईपर्यंत ‘ब्रेक ऑफ’ आणि ‘ब्रेक आऊट’ एकमेकांत मिसळून जातील, आणि कॅमलिन नाक्यावर रिक्षातून उतरताना दोन्ही विसरलेले असतील. हे शब्द ज्या कामाला चिकटलेले असतात त्या कामासकट लक्षात राहतात. आणि काम तर तू रोज आठ तास करतोस.

तुला ठाऊक आहे, तारापूर एमआयडीसीतल्या औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यात मी निवृत्तीपर्यंत क्यूए डॉक्युमेंटेशनमध्ये होते. ऑपरेटर आणि केमिस्ट यांनी भरलेली लॉगबुकं आणि बॅच रेकॉर्डं ओळ न् ओळ वाचायची, हे माझं काम. त्यामुळे आपल्या भागातल्या मुलांचं इंग्रजी कुठे अडतं ते मी कागदावर रोज पाहिलं आहे. चिंचणी, वाणगाव, केळवे, मनोर, विक्रमगड, कुठलीही मुलं असोत, अडण्याची जागा साधारण तीच.

आधी तुझ्याकडे काय आहे ते बघ. गेटवर तू पंच-इन करतोस. कपडे बदलून आत गेलास की आधीच्या पाळीकडून हँडओव्हर घेतोस. चिलर बंद असला तर ब्रेकडाऊन आहे म्हणतोस आणि मेंटेनन्सकडे फॉलो-अप करतोस. बॉयलर हाउसमध्ये ब्लोडाऊन देतात, म्हणजे तळाशी साठलेले क्षार आणि गाळ थोड्या पाण्याबरोबर बाहेर सोडतात. कूलिंग टॉवरमधलं पाणी उडून कमी झालं की टॉप-अप मारतात. प्रयोगशाळेतल्या फ्लास्कमध्ये जमलेली प्रक्रिया मोठ्या रिॲक्टरवर नेली की ते स्केल-अप. मोटर दुरुस्तीला घेण्याआधी इलेक्ट्रिशियन स्विचला कुलूप घालून पाटी अडकवतो, तो लॉकआऊट-टॅगआऊट. आणि मोठ्या देखभालीसाठी प्लांट बंद ठेवला की तो शटडाऊन. त्यासाठी कंत्राटदार गावागावांतून माणसं आणतात. शाळेत फारशी न गेलेली बाईसुद्धा ‘शटडाऊनला गेले होते’ असं सहज सांगते.

हे सगळे शब्द तू ज्यांना घाबरतोस त्याच घराण्यातले आहेत. इंग्रजीत त्यांना फ्रेझल व्हर्ब म्हणतात: साधं क्रियापद, त्याला जोडून एक छोटा शब्द, आणि दोघांचा मिळून तिसराच अर्थ. मराठीने ते नाम म्हणून उचलले आणि पुढे आपलं क्रियापद लावलं. शटडाऊन घेणे, हँडओव्हर देणे, ब्लोडाऊन मारणे, ब्रेकडाऊन निघणे. बाहेरचा शब्द घ्यायचा आणि त्याला करणे, घेणे, देणे, होणे यांतलं एक जोडून कामाला लावायचं, ही आपल्या भाषेची जुनी रीत. अरबी-फारसीतून आलेले मंजूर, दाखल, हजर हे शब्द आपण असेच वापरतो. रीत चांगली आहे, मराठी बोलताना ती सोडू नकोस. पण तिचा एक परिणाम असा की शब्द तुझ्याजवळ भरपूर आहेत, मात्र ते सगळे नामाच्या रूपात गोठलेले. इंग्रजी बोलताना त्यांना पुन्हा क्रियापद करून चालवायचं, एवढंच शिकायचं राहिलं आहे.

करून बघ. ‘चार वाजता चिलर ब्रेकडाऊन झाला’ हे वाक्य तू म्हणतोसच. तेच इंग्रजीत: द चिलर ब्रोक डाऊन ॲट फोर. ‘आम्ही प्लांटचा शटडाऊन घेतला’: वी शट डाऊन द प्लांट. ‘नाईटवाल्यांना हँडओव्हर दिला’: आय हँडेड ओव्हर टू द नाईट शिफ्ट. काळ बदलतो तो पहिल्या शब्दात. ब्रेकचं ब्रोक झालं, हँडचं हँडेड झालं, ‘डाऊन’ आणि ‘ओव्हर’ जागचे हलले नाहीत. लॉगबुकात ‘शटडाऊन्ड’ असं रूप मला फार वेळा दिसायचं, कारण लिहिणाऱ्याला तो एकच अखंड शब्द वाटायचा. शट या क्रियापदाचं भूतकाळी रूपही शटच. लिहिताना नाम असेल तर जोडून किंवा मध्ये छोटी रेघ देऊन, क्रियापद असेल तर तोडून दोन शब्द. बोलताना कानाला फरक कळतो: नाम असेल तर जोर ‘शट’वर येतो, क्रियापद असेल तर ‘डाऊन’वर. इंग्रजी बोलणारा माणूस हा जोर नकळत बदलतो. पुढच्या मीटिंगमध्ये मुद्दाम ऐक.

आता तू विचारशील, एवढ्याशा ‘अप’ने आणि ‘ऑफ’ने अर्थ इतका का बदलावा? मग मी तुला विचारते, मराठीत ‘लागणे’चा अर्थ काय? भूक लागते, आग लागते, ऊन लागतं, ठेच लागते. मुलगा नोकरीला लागतो. बोईसरला जायला वेळ लागतो. पोर रडायला लागतं. फलाटावर गाडी लागते आणि जव्हारच्या घाटात माणसाला गाडी लागते. यातल्या दोन ‘गाडी लागणे’त तू कधी घोटाळा केलास का? मोल्सवर्थसाहेबाने मराठी-इंग्रजी कोश केला, त्याची दुसरी आवृत्ती 1857 सालची. त्यालाही या एका क्रियापदाचे पुष्कळ अर्थ द्यावे लागले. तू ते कुठल्याही कोशातून शिकला नाहीस. आजीच्या तोंडून, भूक लागलेली असताना ऐकलंस.

आणखी जवळचं उदाहरण घे. काम कर, काम करून टाक, काम करून ठेव, काम करून बघ, आणि ‘हे काय करून बसलास?’ मूळ क्रिया करण्याचीच, पण मागून आलेल्या टाकणे, ठेवणे, बघणे, बसणे यांनी प्रत्येक वेळी वेगळी छटा दिली. इंग्रजीत ही कामगिरी ‘अप’, ‘आऊट’, ‘ऑफ’ यांच्याकडे असते. ‘अप’ पुष्कळदा आपल्या ‘टाकणे’सारखा वागतो: यूज अप म्हणजे वापरून संपवून टाकणे, क्लीन अप म्हणजे सगळं साफ करून टाकणे. ‘ऑफ’मध्ये तोडण्या-सुटण्याचा भाव असतो, ‘ऑन’मध्ये चालू राहण्याचा. हे सूत्र सगळीकडे लागू पडत नाही, फॉर्म ‘फिल इन’ केला काय नि ‘फिल आऊट’ केला काय, गोष्ट एकच. तरी अंदाज करायला सूत्र कामी येतं, आणि मराठी माणसाचा अंदाज इथे बरा ठरतो, कारण अशा भाषेत तो लहानपणापासून वावरलेला असतो.

इंग्रजांनाही ही अडचण जुनीच ठाऊक आहे. सॅम्युएल जॉन्सनने 1755 मध्ये आपला मोठा कोश छापला, तेव्हा प्रस्तावनेतच लिहून ठेवलं की छोटा शब्द जोडून होणारी क्रियापदं परक्यांना सर्वांत जड जातात. फ्रेझल व्हर्ब हे नाव छापील पुस्तकात आलं ते 1925 साली, लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकातून. म्हणजे नाव पडण्याच्या कितीतरी आधीपासून लोक त्यात अडखळत होते.

आपल्या मुलांची गोष्ट थोडी वेगळी आहे. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, तुमच्यासाठी 2000 साली ते पहिलीपासून झालं, पण शिकवण्याची तऱ्हा फारशी बदलली नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या वाढल्या. त्या पुस्तकांनी व्याकरण पक्कं केलं, त्यांचं ऋण मोठं आहे. पण शाळेतून आपल्या वाट्याला आले ते जास्त करून लॅटिन-फ्रेंच वळणाचे भारी शब्द: पोस्टपोन, एक्स्टिंग्विश, इन्व्हेस्टिगेट, टॉलरेट. बोलणारा इंग्रज किंवा अमेरिकन त्याच गोष्टी ‘पुट ऑफ’, ‘पुट आऊट’, ‘लुक इन्टू’, ‘पुट अप विथ’ अशा म्हणतो. त्यामुळे होतं काय, की एसओपीचं पान तू घडाघडा वाचतोस आणि ते पान लिहिणाराच समोर बसून बोलायला लागला की कान बावरतात. तुझं इंग्रजी कच्चं आहे असा निष्कर्ष त्यातून काढू नकोस. कागदावरच्या इंग्रजीत तू पुष्कळ पुढे आहेस, कानाला सवय करायची राहिली आहे.

या दोन इंग्रजींची वाटणी कामाच्या ठिकाणी नीट पाळावी, असं माझं ठाम मत आहे. डेव्हिएशन रिपोर्टमध्ये ‘इन्व्हेस्टिगेटेड’ लिही. टेबलाच्या पलीकडून ऑडिटरने विचारलं तर ‘वी लुक्ड इन्टू इट’ म्हण. लिहिताना एकच, एकाच अर्थाचा शब्द बरा, बोलताना सैल आणि नेहमीचा शब्द बरा. काही शब्द मात्र कागदावरही तसेच येतात आणि ते तुला यायलाच हवेत. चुकीची नोंद झाली तर तिच्यावर गिरवायचं नाही, एक रेघ मारून ‘स्ट्राइक आऊट’ करायची, बाजूला सही आणि तारीख. चाचणी ‘कॅरी आऊट’ करतात, म्हणजे पार पाडतात. आधीच्या औषधाचा अंश रिॲक्टरच्या भिंतीला राहून पुढच्या बॅचमध्ये गेला तर तो ‘कॅरी ओव्हर’ झाला. सगळी क्लीनिंग व्हॅलिडेशनची खटपट तो टाळण्यासाठी असते. आणि साहेब नुसतं ‘कॅरी ऑन’ म्हणाले तर चालू ठेव. तीनही वाक्यांत ‘कॅरी’चा वाहून नेण्याशी थोडाफार संबंध आहे, पण ऑडिटच्या दिवशी तो शोधत बसायला वेळ नसतो. रिॲक्टर धुताना ‘कॅरी ओव्हर’ आठव, सॅम्पल लावताना ‘कॅरी आऊट’ आठव, आपोआप वेगळे राहतील.

आता ज्यासाठी मुख्यतः पत्र लिहिते आहे ते. या बारक्या शब्दांतला घोटाळा काही ठिकाणी जिवावर येतो. ‘गो ऑफ’ घे. द लाइट वेंट ऑफ म्हणजे दिवा गेला. द अलार्म वेंट ऑफ म्हणजे अलार्म वाजला. एकाच शब्दजोडीने एकीकडे बंद पडणं आणि दुसरीकडे सुरू होणं. सॉल्व्हंट हाताळणाऱ्या प्लांटमध्ये रात्री तीन वाजता कोणी वॉकीटॉकीवर ‘अलार्म वेंट ऑफ’ म्हणाला आणि ऐकणाऱ्याने ‘बरं झालं, बंद झाला’ असं समजून पाठ फिरवली, तर काय होईल ते तुला सांगायला नको. तारापूरने आगी आणि स्फोट पाहिलेले आहेत. त्यात आपली माणसं गेली आहेत.

मोठं उदाहरण विमानांचं आहे. 27 मार्च 1977 ला स्पेनच्या ताब्यातल्या कॅनरी बेटांवर, तेनेरिफेच्या विमानतळावर, दाट धुक्यात दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं मेली. कारणं अनेक होती. एकाच वेळी दोघे बोलल्याने रेडिओवरचे शब्दही बुडाले. पण त्यातलं एक कारण ‘टेक-ऑफ’ हा शब्द होता. एका विमानातून कळवलं गेलं की आम्ही टेक-ऑफला आहोत. टॉवरला वाटलं, विमान उड्डाणाच्या जागी उभं आहे. प्रत्यक्षात ते धावपट्टीवर सुटलेलं होतं. त्यानंतर नियम झाला की रेडिओवर टेक-ऑफ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करताना तेवढाच उच्चारायचा, एरवी डिपार्चर म्हणायचं. इंग्रजी ज्यांच्या रोजच्या कामाची भाषा, त्यांनाही संकटाच्या वेळी असा शब्द बाजूला ठेवावा लागला.

म्हणून एक कर. मीटिंगमध्ये, चहाच्या टेबलावर, मुलाखतीत फ्रेझल व्हर्ब मोकळेपणी वापर. पण प्लांटमध्ये काही बिघडत असेल तेव्हा एका अर्थाचा शब्द वापर: अलार्म इज रिंगिंग, फायर, स्टॉप द पंप, क्लोज द व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हचा नंबर. समोरच्याला हिंदी किंवा मराठी जास्त लवकर कळत असेल तर सरळ त्या भाषेत ओरड. तुमच्या शिफ्टला उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडची माणसं असतील, आपल्याकडची वारली घरातली मुलं असतील. 1948 च्या कारखाने अधिनियमानेच सांगितलं होतं की कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीबरोबर बहुतेक कामगारांना समजणाऱ्या भाषेत असल्या पाहिजेत. कायदा करणाऱ्यांनी जी समज दाखवली ती आपण बोलताना दाखवावी. संकटात इंग्रजी बोलून कुणावर छाप पाडायची नसते.

एकच शब्द दोन जागी दोन अर्थांनी भेटतो तेही लक्षात ठेव. तुझ्यासाठी लॉकआऊट म्हणजे स्विचवरचं लाल कुलूप. तुझ्या आजोबांच्या वयाच्या कामगाराला विचार, त्याच्यासाठी लॉकआऊट म्हणजे टाळेबंदी: मालकाने गेट बंद केलं, पगार थांबला. ‘ले ऑफ’चंही तसंच. हल्ली बातम्यांत आयटी कंपन्यांतला ले-ऑफ वाचतोस तो नोकरीवरून काढून टाकणे या अर्थाने. आपल्या औद्योगिक विवाद अधिनियमात, 1947 च्या, त्याचा अर्थ वेगळा होता. वीज, कच्चा माल नाही, माल साठून पडला किंवा मशीन ब्रेकडाऊन झालं, म्हणून हजेरीपटावरच्या कामगाराला मालक तात्पुरतं काम देऊ शकत नाही, तो ले-ऑफ. नोकरी तुटत नाही, आणि अटी पूर्ण करणाऱ्या कामगाराला त्या दिवसांचा मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळण्याची तरतूद होती. कायमचं कमी करणं याला वेगळा शब्द, रिट्रेंचमेंट. नोटीस बोर्डावर हा शब्द दिसला तर बातमीतला अर्थ मनात धरून घाबरून जाऊ नकोस. नोटीस पुरी वाच.

‘पास आऊट’बद्दलही विचारलं होतंस. आपण ‘आयटीआय पास आऊट झालो’ म्हणतो, भारतभर म्हणतात, आणि लष्करी शिक्षण संपल्यावरच्या पासिंग आऊट परेडमध्ये इंग्रजांकडेही तोच अर्थ आहे. पण अमेरिकन माणसाच्या कानाला ‘ही पास्ड आऊट’ म्हणजे तो बेशुद्ध पडला. भारतीय मुलाखत घेणाऱ्यासमोर खुशाल वापर. परदेशी ऑडिटरपुढे ‘आय कम्प्लीटेड माय आयटीआय’ म्हण.

शिकायचं कसं, ते आता सांगते. सगळ्यात चांगली शाळा म्हणजे पाळी बदलतानाची ती दहा मिनिटं. त्यात एक माणूस दुसऱ्याला खरोखर लागणारी माहिती देतो, आणि ती रोज थोडी बदलते, पण साचा तोच राहतो. समज, सेकंड शिफ्टचा केमिस्ट तुला म्हणतो: रिॲक्टर टू इज हीटिंग अप. द चिलर ब्रोक डाऊन ॲट फोर, मेंटेनन्स इज लुकिंग इन्टू इट. वी आर रनिंग आऊट ऑफ टोल्युइन, सो फॉलो अप विथ स्टोअर्स. द सेंट्रिफ्यूज इज हेल्ड अप, क्यूसी हॅजन्ट गॉट बॅक टू अस. ड्रेन आऊट द वॉश आणि मग, कॅरी ऑन विथ द नेक्स्ट बॅच.

शेवटच्या वाक्यात मराठी शिरलं ते मी मुद्दाम राहू दिलं, कारण खऱ्या हँडओव्हरमध्ये असंच होतं आणि त्यात काही वावगं नाही. पण बघ, एवढ्याशा बोलण्यात नऊ फ्रेझल व्हर्ब आले. रिॲक्टर तापत चाललाय. चिलर बिघडला, मेंटेनन्सवाले त्यात लक्ष घालताहेत. टोल्युइन संपत आलंय, स्टोअर्सच्या मागे लाग. सेंट्रिफ्यूज अडकून पडलाय, क्यूसीने अजून उलट कळवलेलं नाही. धुण्याचं पाणी काढून टाक आणि पुढची बॅच चालू ठेव. यातली एकही गोष्ट तुला नवीन नाही. रिॲक्टर डोळ्यांसमोर आहे, त्याचा काटा वर चढताना दिसतो आहे, त्या क्षणी ‘हीटिंग अप’ कानावर पडलं तर ते पाठ करायची गरज उरत नाही.

खिशात एक छोटी वही ठेव, कंपनीच्या लॉगबुकाशी तिचा काही संबंध नको. पाळी संपल्यावर, बसची वाट बघताना, त्या दिवशी ऐकलेली एक-दोन वाक्यं तीत लिही. सुटा शब्द लिहू नकोस, पूर्ण वाक्य लिही, आणि ज्या वस्तूबद्दल ते होतं ती वस्तू त्यात असू दे. ‘रन आऊट – संपणे’ असं लिहिलंस तर काही दिवसांनी ते मेलेलं असेल. ‘वी आर रनिंग आऊट ऑफ टोल्युइन’ लिहिलंस तर टोल्युइनचा वासदेखील आठवेल. दुसऱ्या दिवशी हँडओव्हर देताना त्यातलं एक वाक्य स्वतः बोल. ऐकलं, लिहिलं आणि लगेच कामात बोललं, एवढं झालं की शब्द तुझा.

व्याकरणातली एकच गोष्ट सांगते, कारण ती ऐकणाऱ्याला लगेच खटकते. वस्तूचं नाव घेणार असशील तर ‘टर्न ऑफ द पंप’ म्हण किंवा ‘टर्न द पंप ऑफ’ म्हण, दोन्ही बरोबर. पण नावाऐवजी ‘इट’ आलं तर ते मध्येच बसतं: टर्न इट ऑफ, फिल इट इन, हँड इट ओव्हर. काही जोड्या मात्र कधीच तुटत नाहीत: लुक इन्टू इट, लुक आफ्टर हिम, रन आऊट ऑफ इट. कुठली तुटते नि कुठली नाही याची यादी करू नकोस. वहीतली वाक्यं मोठ्याने वाचत जा, कान ठरवायला शिकेल.

आणखी एक गोष्ट मनात फार दिवस आहे. ऑडिटर आला की तो नुसता मॅनेजरशी बोलत नाही, जो काम करतो त्याच्याकडे वळतो. एका ऑडिटमध्ये मी कागद घेऊन बाजूला उभी होते. ऑडिटरने ऑपरेटरला विचारलं, ‘वॉट डू यू डू इफ द टेम्परेचर शूट्स अप?’ मुलगा अतिशय हुशार. तापमान झपाट्याने चढायला लागलं की मटेरिअल सोडणं थांबवायचं, जॅकेटला चिल्ड ब्राइन चालू करायचं, शिफ्ट इन्चार्जला कळवायचं, हे त्याने कितीदा तरी हाताने केलेलं. पण ‘शूट’ ऐकून तो गोंधळला आणि गप्प राहिला. उत्तर दुसऱ्याच कुणी दिलं, आणि त्या दिवसापासून साहेबांच्या मनात तो ‘न बोलणारा’ ठरला. असं होऊ नये, म्हणून मी एवढं लिहिते आहे. आपल्या पालघर जिल्ह्यात 1969 पासून अणुवीज बनते, एवढे रासायनिक कारखाने उभे आहेत, त्यांच्यात सगळ्यात जवळून मशीन ओळखणारी आपली मुलं आहेत, आणि दोन अक्षरी शब्दांपायी ती मागच्या रांगेत राहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कळलं नाही तर विचार. ‘सॉरी, वॉट डू यू मीन बाय शूट्स अप?’ हे वाक्य तोंडात बसव. ऑडिटरला ते आवडतं, न समजता मान डोलावणारा माणूस त्याला जास्त धोक्याचा वाटतो. आणि हसणारे बहुतेक वेळा आपलेच असतात, हेही सांगते. तुझ्या शिफ्टमध्ये विक्रमगडहून नवीन आलेला मुलगा ‘ब्रेकडाऊन्ड’ म्हणाला तर हसू नकोस. संध्याकाळी शेजारी बसवून बरोबर रूप सांग.

तुझी मुलाखत महिन्याभरावर आहे. ‘टेल मी अबाउट युअर वर्क’ असं विचारतीलच. त्याचं उत्तर पाठ करून जाऊ नकोस, तुझ्या पाळीचा हँडओव्हर डोळ्यांसमोर आणून त्यांना दे. वहीतली पहिली काही वाक्यं जमली की फोटो काढून पाठव. मी पूर्वीसारखी लाल पेनाने तपासून परत पाठवीन. वहिनीला सांग, सुकट मिळाली, छान आहे.

तुझी,
आत्या